बजेटची पिशवी

मुलींच्या शाळेतलं स्वच्छतागृह कोसळून वर्ष उलटलं, तेव्हा इंग्रजीच्या शिक्षिका रेवती टिळेकर संतापून नगरपालिकेच्या सभेत उभ्या राहिल्या.

“बजेट नाही,” नगराध्यक्ष भास्करराव हसले. “बाई, बजेट म्हणजे काय, ठाऊक तरी आहे का?”

बाई पुढे सरसावल्या. “आहे ना! जुन्या फ्रेंचमधल्या चामडी पिशवीच्या नावावरून तो शब्द आला. आत्ताच ती पिशवी तुमच्या वडिलांच्या नावाच्या कमानीसाठी उघडलीत. आमच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र तिचं तोंड आवळता? पिशवी गावाची आहे, साहेब. तुम्हाला फक्त धरायला दिलीय!”

सभागृह खवळलं. कमान रद्द होऊन स्वच्छतागृह मंजूर झालं. बाई आभार न मानताच बाहेर पडल्या.