शून्यावरचा काटा

“खोटं कोण बोलतंय, भन्ते? काटा की टाकी?”

शीलवंतने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

शेजारी भन्ते उपसेन होते. बसायचं म्हणजे जवळजवळ निजायचं, अशी ती दोन माणसांपुरती पिवळी स्पोर्ट्‌स कार. भन्ते मात्र मजेत होते.

त्या दिवशी दुपारी पवनीला शीलवंतचं लग्न होतं. ज्या विहारात तो लहानपणी धम्म शिकला, तिथल्या भन्तेंना आपणच आपल्या गाडीतून आणायचं, हा त्याचा हट्ट. भंगारातली गाडी त्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. पुण्याच्या एका कारखान्यात तो बिघाड शोधायचं काम करी, आणि त्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्याला मनापासून वाटे.

भिवापूर सोडलं तेव्हा पेट्रोलचा काटा निम्म्यावर होता. मग एका खड्ड्यात गाडी उसळली, आणि काटा कोसळून शून्यावर जाऊन बसला.

“मला काय विचारतोस?” भन्ते म्हणाले. “वैद्य तू.”

शीलवंतने चावी अर्धी फिरवून काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

त्याने डिकी उघडली, टाकीवरची वायर काढली आणि तिचं टोक पत्र्याला टेकवलं.

“भन्ते, काट्याकडे बघा.”

“उठला. पार वर गेला.”

“म्हणजे काटा ठीक, वायर ठीक. दोष टाकीच्या आत. आत पेट्रोलवर तरंगणारं एक बोंडूक असतं. ते जितकं वर, तितका काटा वर. धक्क्याने ते निसटलं असणार. किंवा...”

“किंवा?”

“किंवा टाकी फुटली असेल. मग काटा खरं सांगतोय.”

लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांनिशी तो गाडीखाली शिरला आणि धुळीने माखून बाहेर आला.

“काय दिसलं?”

“कोरडं आहे. आता गळत नाही म्हणून कोरडं, की सगळं मागेच गळून गेलं म्हणून... ते कळत नाही.”

भन्ते खळखळून हसले. शीलवंतला हसू आलं नाही.

त्याने एक काडी टाकीच्या तोंडातून आत घालून पाहिली. नळी वाकडी होती, काडी पोचेना.

पलीकडच्या मोकळ्या आवारात, सातऱ्यावर, लाल मिरच्या वाळत होत्या. देठं खुडणाऱ्या बायका केव्हाच्या पाहत होत्या. त्यांच्यातली वयस्क पार्बताबाई पदराला हात पुसत आली, भन्तेंना वाकून वंदन केलं आणि नवरदेवाकडे वळली.

“कावून थांबले जी?”

“पेट्रोल आहे की नाही ते पाहतोय. पंप कुठे आहे?”

“मांगं भिवापूरले, नाही तं पुढं पवनीले. दोन्हीकडं सारखंच लांब पडते.”

तेवढ्यात फोन वाजला. उत्पलाचा, नवरीचा होता. पवनीच्या शाळेत ती मुलींना खो-खो शिकवी. हाक मारल्यासारखीच बोले.

“कुठे आहेस?”

“वाटेत.”

“किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शीलवंत बांधावर जाऊन बसला. भन्ते त्याच्या शेजारी टेकले.

“रागावली का?”

“नाही. तीच तर भीती वाटते. बरं म्हणाली. माझ्यावर एवढा भरवसा...”

त्याने बांधावरचं एक ढेकूळ उचलून फोडलं. 

“काल झोप लागली नाही, भन्ते. मी कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय हातातून सोडत नाही. आणि आज एका माणसाला शब्द द्यायला निघालोय, जन्मभराचा. तेवढं माझ्यात आहे की नाही, हे आधी बघायला नको?”

“बघितलंस?”

“बघितलं. मोजायचं कशाने, तेच सापडत नाही.”

...

भन्ते उठले. गाडीच्या मागे गेले, दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवले आणि गाडी डावी-उजवीकडे हलवू लागले. ती जेमतेम डुलली.

“हे काय करताय?”

“हाक मारतोय.”

पार्बताबाईने ते पाहिलं आणि सातऱ्याकडे वळून हात केला. बायका धावत आल्या. अंगाखांद्यावर मिरचीची धूळ, चेहऱ्यांवर हसू. त्यांनी दोन्ही बाजूंनी गाडी धरली आणि पाळणा हलवावा तशी हलवू लागल्या.

“कान लावा जी, नवरदेव,” पार्बताबाई म्हणाली.

शीलवंतने डिकीत डोकं घातलं. मिरचीच्या धुळीने त्याला शिंक आली. मग दुसरी. मग एका बाईला आली, मग भन्तेंना, आणि मग कोणाला थांबवताच येईना.

“नाक धरा,” एक जण म्हणाली, “नाही तं टाकीतलं शिंकून जाईल.”

आता मात्र शीलवंतलाही हसू फुटलं. हसून हसून सगळ्या दमल्या, आणि त्या शांततेत गाडी एकदा आपोआप डुलली.

चुळुक.

शीलवंतने डोकं वर काढलं. “आहे.”

“आहे,” भन्ते म्हणाले.

“पण किती?”

“आहे.”

“पवनीपर्यंत पुरेल?”

भन्तेंनी चीवर सारखं केलं. “पुढे पंप, मागे पंप. नवरी कुणीकडे?”

“पुढे.”

भन्ते गाडीत जाऊन बसले.

काटा शून्यावर असतानाच गाडी निघाली. शीलवंतचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडे जात.

“पळस फुललाय,” भन्ते म्हणाले.

शीलवंतने मान वळवली. दोन्ही अंगांना रान पेटल्यासारखं केशरी झालं होतं. सकाळी याच रानातून तो उलटा गेला होता. तेव्हा त्याला एकही झाड दिसलं नव्हतं.

थोडं अंतर गेलं. भन्तेंनी विचारलं, “याहून जोरात जाते का ही?”

“जाते. पण पेट्रोल...”

“मी कधी जोरात गेलेलो नाही.”

शीलवंतने एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग पाय दाबला. गाडी गरजली, वारा कानांत शिरला, भन्तेंचं चीवर फडफडू लागलं आणि सत्तरी ओलांडलेला तो भिक्खू लहान मुलासारखा मान मागे टाकून हसत सुटला.

पवनीची कमान दिसली. तिच्यापलीकडे रस्ता वळत होता, आणि वळणावर मांडवाचं पांढरं कापड.

तिथेच इंजिन दोनदा आचकलं आणि बंद पडलं.

शीलवंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

“थोडक्यात हुकलं, भन्ते.”

भन्ते समोर पाहत होते. मांडवातून एक पांढरी साडी निघाली होती. निऱ्या वर खोचून, केसांतली फुलं सांडत, उत्पला धावत येत होती. तिच्या मागे तिच्या खो-खोच्या पोरी, आणि त्यांच्या मागे अर्धं वऱ्हाड.

तिने येताच काही विचारलं नाही. गाडीच्या मागे जाऊन तिने खांदा लावला.

शीलवंत उतरला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

“तू बस ना आत,” ती म्हणाली. “नवरदेव आहेस.”

“तूही नवरी आहेस.”

“मग स्टिअरिंग कोण धरणार?”

दोघांनी एकदमच आत पाहिलं. भन्ते केव्हाच सरकून चालकाच्या जागेवर बसले होते.

“भन्ते,” मागून कोणी तरी चाचरत म्हणालं, “भिक्खूने गाडी चालवायची नसते ना?”

“चालवतोय कोण?”

हशा पिकला आणि गाडी हलली. उत्पलाचा खांदा शीलवंतच्या खांद्याला घासत होता. दोघं धापा टाकत होती, दोघंही हसत होती. कमान मागे पडली.

सवयीने शीलवंतने ओरडून विचारलं, “भन्ते, काटा कुठे आहे?”

भन्तेंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

“वळण आलंय. जोर लावा दोघं.”