मातीला ताक

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचे वस्ताद होते. त्यांच्या तालमीतली तांबडी माती पंचक्रोशीत नावाजलेली. रोज सकाळी ते तिच्यात ताक, तेल अन् लिंबाचा रस घालायचे आणि पोरांकडून ती उकरून घ्यायचे. म्हणायचे, "माती कोरडी ठेवू नका रे. कोरडी माती पोरांची हाडं मोडते."

माती उकरण्यात सगळ्यांत पुढे असायचा इंद्रजित. सतरा वर्षांचा, भारी बोलका. फावडं चालवता चालवता सगळ्यांच्या नकला करायचा, अगदी वस्तादांच्यासुद्धा. वस्ताद ओरडायचे आणि मिशीत हसायचे.

जिल्ह्याच्या कुस्त्या जवळ आल्या. इंद्रजितचं वजन एकसष्ट किलो. त्या गटात एक दांडगा गडी उतरणार होता. सत्तावनच्या गटात मात्र तसं कुणी नव्हतं. सहा वर्षांत तालमीला गदा मिळाली नव्हती आणि ते वस्तादांना फार सलत होतं. ते म्हणाले, "चार किलो उतरव लेका. चार किलो म्हंजे काय, घाम गाळला की गेलं!"

पोरगं वस्तादांचा शब्द खाली पडू देणारं नव्हतं. भर उन्हात घोंगडं पांघरून पळू लागलं. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर झाली. आईनं दिलेला डबा ते दुसऱ्यांना वाटून टाकायचं. शेवटी पाणीही बंद झालं. नकला तर कधीच थांबल्या होत्या. वस्तादांच्या ते ध्यानात आलं, पण म्हणाले काय? "बघा, पोराचं चित्त कसं लागलंय!" अरे देवा! पोरगं आतल्या आत मिटत चाललं होतं, आणि सारा जन्म तालमीत घालवलेल्या माणसाला ते कळू नये!

वजन करायच्या आदल्या सकाळी वस्ताद ताकाची घागर घेऊन तालमीत आले. इंद्रजित आखाड्यात गुडघ्यांवर बसला होता. ओल्या मातीचा गोळा ओठांना लावून चोखत होता. वस्तादांना पाहताच त्याला रडू फुटलं.

"गिळलं नाही वस्ताद, आईशप्पथ! नुसते ओठ ओले केले."

घागर वस्तादांच्या हातातच होती. ती त्यांनी पोराच्या तोंडाला लावायला हवी होती. त्यांनी ती मातीत ओतली आणि म्हणाले, "आता एकच दिवस राहिला, बाळा."

दुसऱ्या दिवशी काटा बरोबर सत्तावनवर थांबला. गदा आली. गावानं गुलाल उधळला. इंद्रजितनं मात्र घरी येऊन दार लावून घेतलं. महिना झाला तरी तालमीत पाऊल नाही, जेवणावर वासना नाही. डॉक्टर म्हणाले, "मनाचं दुखणं आहे. बरं होईल, पण वेळ लागेल."

वस्ताद तांब्याभर ताक घेऊन त्याच्या घरी गेले. त्याच्याजवळ बसले. म्हणाले, "पी बाळा. माझं चुकलं."

इंद्रजितनं तांब्या घेतला, हातात तोलून पाहिला आणि हळूच विचारलं, "वस्ताद, हे किती भरंल?"

 वस्ताद मान खाली घालून रडले.

आता त्यांच्या तालमीत पहिलं ताक पोरांना मिळतं, उरलं तर मातीला. इंद्रजितचं फावडं अजून भिंतीला टेकून उभं आहे.

तात्पर्य: पोराच्या जिवापेक्षा कुठलीही गदा मोठी नसते. त्याचं वजन रोज बघणाऱ्यानं त्याच्या मनाचीही रोज विचारपूस करावी, कारण वेळ गेल्यावर पुढे केलेलं ताक पोराच्या घशाखाली उतरत नाही.