चाफ्यानं पान काढलं नाही

बर्फाळ डोंगरातली घरं अजून लाकडाची होती, तेव्हाची गोष्ट. कोकणातून तिथे नांदायला गेलेल्या कुमुदताईंनी चाफा आणि जास्वंद कुंड्यांत लावले होते. थंडी सुरू होताच त्यांनी दोन्ही कुंड्या घरात खिडकीशी आणल्या. थोड्याच दिवसांत चाफ्याची सगळी पानं गळली.

शेजारीण डोल्मा म्हणाली, "हे खोड वाळलं गं. चुलीत घाल."

"उद्या सकाळी बघते," कुमुदताई म्हणाल्या.

त्या आतल्या खोलीत जाताच जास्वंद कळवळून म्हणाली, "अरे, एक तरी पान काढ! तू जिवंत आहेस हे त्यांना कळू दे."

"आत्ता काढलेलं पान या गारठ्यात जळेल आणि माझी साठवलेली ताकदही जाईल," चाफा म्हणाला. भीती त्यालाही वाटत होती. "मी थांबणार."

सकाळी कुमुदताईंनी नखानं साल खरवडली. आतून पांढरा चीक आला. "झोपलाय गं हा!" त्या डोल्माला म्हणाल्या आणि कुंडी होती तिथेच राहू दिली.

बर्फ वितळल्यावर चाफा अंगणात आला आणि महिन्याभरात भरभरून फुलला. डोल्मानं एक फूल केसांत माळलं, जरा घुटमळली आणि म्हणाली, "कुमुद, याची एक फांदी मला लावायला देशील?"