पत्र्यावरचा राखणदार

एके काळी हौसाबाईच्या घराचे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक जुना टायर ठेवला होता. "मी आहे म्हणून हे घर आहे," असं तो पाखरांना ऐकवी.

पावसाचं पाणी त्याच्या पोटात साचलं. पायांवर पांढरे पट्टे असलेली डासीण येऊन म्हणाली, "भाऊ, बाळंतपणापुरता आसरा दे." बहिणीला नाही कसं म्हणायचं? टायरानं दिला.

पाणी वळवळू लागलं तसा कावळा ओरडला, "अरे, ही पिलं उडाली की गावातला ताप सोंडेतून या घरात आणतील! जरा सरक, पत्र्यातून वर आलेला तो खिळा तुला भोक पाडेल, पाणी वाहून जाईल."

"भोक? उभ्या जन्मात पंक्चर झालो नाही. म्हातारपणी अब्रू घालवू?"

डास उडाले. हौसाबाईची लेक सुगंधा तापानं फणफणली. "आई, डोळ्यांमागं ठणकतंय गं," एवढंच म्हणत राहिली. तिला इस्पितळात नेलं, ती परत आलीच नाही. हौसाबाई दाराला कुलूप लावून गाव सोडून गेली.

पुढं मोठं वादळ आलं. शेजारची छपरं उडाली, पण इथला एकही पत्रा हलला नाही.

"बघ, राखलं की नाही घर?" टायर म्हणाला.

कावळ्यानं खालच्या कुलपाकडं पाहिलं. "कुणासाठी?"