हाराखालचा गाळ

आत-बाहेर सारखाच भरून राहिलेल्या पांडुरंगाला वंदन करून ही गोष्ट सांगतो.

फार वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी भागवतअण्णांची जीप होती. दर दसऱ्याला अण्णा तिला धुऊन, नारळ फोडून पुढच्या जाळीवर झेंडूचा हार चढवीत. जाळीमागच्या रेडिएटरला वाटे, हा मान आपलाच. त्याच्या पोटातले पाणी मात्र कधी कोणी बदलले नव्हते.

एका दसऱ्याला पूजेनंतरच्या फेरीतच इंजिन तापले आणि वाफ उसळली.

"रेडिएटरदादा, अंग पोळतंय! तुमच्या नळ्यांत गंज साचलाय," इंजिन कळवळले.

"सकाळीच माझी पूजा झाली, आणि तू मला माझा गाळ दाखवतोस?" रेडिएटर फुरंगटला.

गाडी पूर्ण निवल्यावर अण्णा त्याचे टोपण फिरवू लागले. रेडिएटरने ते घट्ट धरून ठेवले. "इतक्या वर्षांचं पाणी! ते गेलं तर माझ्यापाशी उरेल काय?"

"जागा उरेल," इंजिन हळूच म्हणाले. "सूनबाईंचे दिवस भरत आलेत, दादा. दवाखाना घाटापलीकडे आहे."

रेडिएटरची पकड सुटली. खालच्या तोटीतून विटकरी पाणी घमेल्यात उतरले. अण्णा नळीने आतून धूत राहिले, तसे पाणी निवळशंख झाले. मग त्यांनी ताजे कूलंट भरले.

त्याच आठवड्यात जीप सूनबाईंना घेऊन न थांबता घाट चढली. परतताना तिच्यात एक बाळ अधिक होते.

ऐकणाऱ्या सर्वांची अंतःकरणे अशीच निर्मळ वाहोत, आणि घराघरांतून निघालेली पावले सुखरूप उंबरठ्यावर परत येवोत.