कोळ्यांचं नवं जाळं

फार मागची गोष्ट. देवळाच्या कोनाड्यात भिंतीवरच्या कोळ्यांची पोरं जाळं विणायला शिकत होती. गोल जाळ्याचा त्यांना कंटाळा आला. एकानं चौकोनी विणलं. दुसरा म्हणाला, "हे जुनं झालं!" त्यानं नुसता एक धागा टांगला. तिसऱ्यानं तोही काढला आणि रिकामा कोनाडा दाखवून म्हणाला, "हे माझं जाळं."

म्हातारी कोळीण म्हणाली, "अरे मेल्यांनो, मग खाणार काय?"

"आजी, पोटाचं बोलणं आता जुनं झालं."

पोरांची पोटं पाठीला लागली. बघायला माश्यांची मात्र रीघ लागली. त्या जाळ्यातून आरपार जात, परत येत, माना डोलवत. त्यांतली थोरली पोरांसमोर ऐसपैस बसून म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांनी इतकं सुंदर जाळं पाहिलं नव्हतं. बाळांनो, म्हातारीचं ऐकू नका हं."