पुसलेली वाट

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असे आत्याने मला बजावले आहे. ती ऐकली की धाकटी भावंडे घरातली एकही फाटकी वस्तू टाकू देत नाहीत. तरी सांगते.

फार पूर्वी, ज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही अशा राज्यात, एक आंधळा म्हातारा राजा होता. त्याच्या महालाच्या भिंतींना वेलबुट्टीचा कागद लावलेला होता. रोज सकाळी त्यावरून बोटे फिरवत राजा खिडकीपाशी जाई आणि चिमण्यांना ज्वारी टाकी.

एकदा राजा हवापालटाला गेला. मागे सुनेने एका म्हाताऱ्या चितारणीला बोलावले.

"मामंजी यायच्या आत कागद नवाकोरा करा. तो कळकट पट्टा तर आधी घालवा."

"त्यांना दिसतं कुठं, राणीसाहेब?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतं ना, बाई!"

चितारणीने खळ शिजवली. जाड रंगाने एकेक पान पुन्हा उठवले. पलंगापासून खिडकीपर्यंत, कंबरेच्या उंचीवर, कागद गुळगुळीत झिजला होता. मध्येच, जिन्याच्या तोंडाशी, त्याची एक चिंधी लोंबत होती. हे कशाने झाले असेल, असे तिच्या मनात आले. पण पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते. विचारायला उठणार कोण? तिने चिंधी चिकटवली आणि झीज रंगवून टाकली.

राजा परतला. सकाळी भिंत चाचपत निघाला. चिंधी हाताला लागली की जिना आला, हे त्याला कळायचे. आज ती लागलीच नाही. तो जिन्यावरून गडगडला.

हाड मोडले नाही, पण त्यानंतर तो पलंगावरून उठेना. "माझी भिंत कुणी नेली?" एवढेच विचारी. चिमण्या खिडकीत वाट पाहून उडून जात.

हे कानावर येताच चितारीण येऊन पलंगापाशी बसली. "महाराज, मीच पुसली. पुन्हा झिजवून देते."

"रंग कच्चा आहे का?"

"नाही हो. तिथंच घात झाला. फार पक्का बसलाय."

राजा कितीतरी दिवसांनी हसला. "मग धर हात."

रोज सकाळी दोघे भिंतीला हात घासत खिडकीपर्यंत जात.

"दमलीस का गं?"

"दमले, महाराज."

"मीही."

राजा वारला, तेव्हाही भिंत नवीच होती.

म्हणून कोणतीही झीज बुजवण्याआधी ती कोणाच्या हाताची आहे, हे विचारावे.

चितारीण मात्र पुढेही ज्वारी घेऊन येई, आणि भिंतीला हात लावत लावत...

"अगं ए, ती फाटकी गोधडी टाकून दे म्हटलं होतं ना?" आत्या हाक मारते आहे. जाते, पण आधी विचारते, ती गोधडी कोणाची आहे ते.